विमान घारीने धरलेलं नाही

तीर्थरूप कुमुदआत्यास द्वारकेहून (दिल्लीची, कृष्णाची नव्हे) सुधन्वाचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देत असेल, अशी आशा आहे. माझी तब्येत उत्तम आहे, फक्त मान उजवीकडे वळत नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

काल तुझा निरोप आला, "विमानात बसणार नाही, तिकीट रद्द कर." फोनवर तू ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहून कळवतो. कच्चा खर्डा करून, दोनदा तपासून लिहिलं आहे. चुका निघाल्या तर लाल खुणा करून परत पाठव, पूर्वी पाठवायचीस तशी.

माझ्या कॅमेऱ्याची लेन्स सहाशे मिलिमीटरची, म्हणजे लांबचं जवळ आणणारी आहे. लांबीला दुध्याएवढी, वजनाला दोन किलो. पासपोर्ट फोटोच्या दुकानात दिवसभर लोकांना "हनुवटी खाली" सांगून झालं की मी चारला सुट्टी घेऊन सोसायटीच्या गच्चीवर जातो. (मान तिथेच गेली.) पहिल्याच आठवड्यात सेक्रेटरी गुणवंतजी वर आले आणि म्हणाले, "बेटा, किसके घर में झाँक रहे हो?" मी त्यांना कॅमेऱ्याला डोळा लावायला लावलं. उतरणारं विमान बघून ते ओरडले, "अरे, टायर तक दिख रहा है!" आता ते रोज स्वतःची खुर्ची घेऊन येतात आणि दुसऱ्या कुणाला गच्चीवर येऊ देत नाहीत.

पाण्याच्या टाकीवर एक घार बसते. दहा मिनिटं इकडेतिकडे धरून सव्वाचारला तिच्या मागून एक विमान उतरतं. दोघं एका चौकटीत यावीत म्हणून मी अडतीस दिवस उभा राहिलो (वहीत तारीखवार नोंद आहे). एकोणचाळिसाव्या दिवशी घारीने पंख पसरून झेप घेतली आणि विमानाचं नाक नेमकं तिच्या पंज्यांत आलं. आत्या, स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण घारीचं पीस न् पीस मोजता येतं! इथल्या महाराष्ट्र मंडळाने त्या फोटोला पहिलं बक्षीस दिलं आहे. बारावी दोनदा नापास झालेल्या माझ्या नावाचं कार्ड फोटोखाली लागणार. बक्षीस घ्यायला वडीलधाऱ्यांना घेऊन या, असं त्यांनी लिहिलं आहे. माझं वडीलधारं तूच.

आणि नेमका तोच फोटो तुझ्या अमोलने, आमच्या दादाने, "आईचं विमान" असं लिहून घरच्या ग्रुपवर टाकला आणि तू घाबरलीस! दादाला काही कळत नाही. लांबची लेन्स जवळचं आणि दूरचं एकमेकांना चिकटवते. तुझ्या निवृत्तीच्या फोटोत हेडमास्तरांच्या डोक्यातून झेंड्याचा खांब उगवला होता, आठवतं? खांब मैदानात होता. तसंच हे. घार माझ्यापासून बासष्ट पावलांवर होती (गच्चीवर दोनदा चालून मोजली) आणि विमान दोन किलोमीटर तरी पलीकडे. त्या दोघांची ओळखही नाही. रोज शेकड्याने विमानं उतरताना मी पाहतो. सगळी चाकांवरच उतरतात.

तेव्हा तिकीट रद्द केलेलं नाही. कार्यक्रम रविवारी आहे, शनिवारी ये. येताना भाजणी आणि हे पत्र बरोबर आण.

तुझ्या लाल शाईला अजून भिणारा,
सुधन्वा

ता. क. सकाळचं तिकीट बदलून सव्वाचारला उतरणारं केलं आहे. तुझं विमान मी गच्चीवरून टिपणार आहे, आणि सकाळी ऊन समोरून येतं, फोटो काळा पडतो. गुणवंतजी खुर्ची टाकून बसतील. खिडकीतून टाकीकडे बघून हात हलवू नकोस, फोटोत दिसणार नाही.

आणखी एक ता. क. परतीची मात्र दोन तिकिटं काढली आहेत, तुझ्याबरोबर मीही येतो आहे. मी अजून एकदाही विमानात बसलेलो नाही, हे दादाला सांगू नकोस. येताना आतलं सगळं नीट बघून ठेव. खिडकी तू घे. मला डोळे मिटून तुझा हात धरायचा आहे.