लालसिंगचा कापूस आणि आभाची कुपी

पांढरकवडा,
१८ मे २००६

ती. सौ. कुंदाताईस,
धाकट्या मधुसूदनचा नमस्कार. नेरला तुझे गुडघे आणि भाऊजींचा खोकला (की उलट? मागच्या पत्रातलं तुझं अक्षर लागलं नाही) बरे असावेत. इकडे सगळं ठीक आहे म्हटलं तर तुला खरं वाटणार नाही, म्हणून फार थकलो आहे एवढंच लिहितो.

दिवाळीत मी आभाला "हे संशोधन पुरे, आता लग्नाचं बघ" म्हणालो, तेव्हापासून लेक माझ्याशी "मीठ द्या" यापलीकडे बोलत नाही. सोमवारी ती तीन दिवस नागपूरला निघाली आणि जाताना म्हणाली, "बाबा, कॉलेजला सुट्टी आहे, माझं पार्सल घरी येईल. तेवढं फ्रीजरमध्ये ठेवाल?" सहा महिन्यांत तिने मला सांगितलेलं हे पहिलं काम. (पाणी मागितलं असतं तरी मी विहीर खणली असती.) ही वस्तू यायला पाच महिने लागले, आणि आभाचा सगळा प्रयोग तिच्यावाचून अडलेला.

पार्सलात करंगळीएवढी कुपी आणि एक इंग्रजी कागद निघाला. कुपीवर 'रिकॉम्बिनंट ह्यूमन प्रोटीन' आणि खाली उणे वीस अंश. तुझी भावजय मधुवंती म्हणाली, "माणसाचं म्हणजे कोणत्या माणसाचं? अन् ते माझ्या नैवेद्याच्या दह्याशेजारी ठेवून राहिले तुम्ही?" मी सांगितलं, कुणा एकाचं नाही, हे जिवाणूंकडून करवून घेतात. "मग माणसाचं कशाला म्हणतात?" एकतीस वर्षं तहसीलीत काढलेला माणूस मी, तिला कुपीवरचं लेबल पुन्हा वाचून दाखवलं. तेवढ्यात वीज गेली. (बारा-बारा तास जाते, आली की लोक दचकतात.)

कुपी घेऊन केळापूरच्या रस्त्यावर लालसिंगच्या गारेगारच्या कारखान्यात गेलो, कारण त्याच्याकडे जनरेटर आहे. तांड्यावरचा माणूस, सातवी शिकलेला, थोडी कापसाची शेती. मी समजावायला लागलो तर मलाच थांबवून म्हणाला, "समजलं न, बाबूजी! आमच्या बीटी कपाशीत जंतूचं टाकलं, अन् यायनं जंतूत माणसाचं टाकलं. मंग यासंग नॉन-बीटीचं लहान पाकीट नाही देलं काय?" (बीटी बियाण्याबरोबर कडेला पेरायला साधं बी देतात, त्याची चौकशी.) घरी येऊन मी मधुवंतीला हेच सांगितलं, स्वतःच्या नावावर.

मंगळवारी जनरेटर बंद पडला. लालसिंगने बर्फाची लादी फोडून मीठ घातलं, मधोमध कुपीचा डबा ठेवला आणि घरून कापूस आणला. भाव नाही म्हणून दोन हंगाम खोलीत पडलेला. तो भोवती ठासून भरत म्हणाला, "चाला, कोनाच्या तरी कामी पडला." मला हसू आलं नाही, त्यालाही नाही. दोन दिवस मी तिथल्या बाकावर बसून बर्फ बदलत होतो. ट्रकवाले विचारत, डब्यात काय आहे? लालसिंग सांगे, "बाबूजीच्या पोरीचं काम हाय." मी मान हलवत असे.

आज सकाळी डबा उघडला, कुपी उजेडात धरली. रिकामी! थेंबसुद्धा नाही. ताई, कुपी पुन्हा डब्यात ठेवली आणि हे पत्र लिहायला बसलो. दुपारच्या गाडीने आभा येईल. ती तुझं ऐकते. बाबांनी मुद्दाम केलं नाही, एवढं तू फोन करून तिला सांग. (पत्र पोचायला चार दिवस लागतील हे मला कळतं. पण फोनवर मला हे बोलवणार नाही.)

तुझा हात टेकलेला भाऊ,
मधुसूदन

ता. क. आभा आली. कुपी बघून म्हणाली, "बाबा, रिकामी कुठे? पावडर आहे, काचेला चिकटलेली असते, दिसत नाही. कागद नाही वाचला? अशी कोरडी असली की खोलीतसुद्धा दोन आठवडे टिकते." कागद मी वाचला नव्हता. हातात पडताच त्यावर आवक क्रमांक १ टाकून तो फाइलला लावला होता. (कचेरीत आलेला कागद आधी लावायचा, वाचायचा कुणी विचारलं तर.) मी कपाळाला हात लावला. तिने माझ्या बर्फा-मिठाने सोललेल्या बोटांकडे पाहिलं आणि म्हणाली, "पण त्या कंपनीने आपला मे महिना कुठे पाहिलाय? बरं केलंत, बाबा." तेव्हा फोन करू नकोस.

ता. क. २. पुढची कुपी द्रवातली आहे, खरोखरच गार ठेवावी लागणारी. पत्त्यावर आभाने माझं नाव घातलं आहे. भाऊजींचा बर्फाचा डबा पत्र मिळताच एसटीने पाठव. आत भरायला कापूस मात्र पाठवू नकोस. लालसिंगकडे अजून खोलीभर आहे.