लग्नाची उरलेली साक्षीदार

द्वारके,

तुझ्या थोरलीचा जयभीम. मी बोलतेय आणि माझी नात नम्रता लिहितेय. हिंजवडीत हिला याचेच पैसे मिळतात म्हणे.

आपला सरकारी नवरा वारला आणि पेन्शनला बायका निघाल्या दोन. साहेब म्हणतात, "आजी, कागदावर नाव धाकटीचं आहे, तुमच्या लग्नाचा पुरावा आणा." वस्तीत बुद्धवंदना म्हणून लागलेल्या लग्नाला कागद कुठला? पाहिलेली सगळी गेली. उरलीस तू, माझी मावसबहीण. तेव्हा सात वर्षांची, हातात फुलांचं ताट आणि डोळा पेढ्यांवर.

तू साक्ष दिलीस, तर पेन्शन मला आणि तुझी चूल बंद. त्यांचं शेवटचं आजारपण तूच काढलंस. मला नम्रता आहे. तुला कोण आहे?

म्हणून हे पत्र पेटीतच ठेवतेय. विचारलं तर तू खरं सांगशील, एवढीच भीती.

चंपाचा अंगठा