राजेश्वरहून टोकनसाठी अर्ज

३ जून, मंगळवार
आजपासून रोज लिहायचं. खरं तेच लिहायचं. सत्तेचाळिसाव्या वर्षी तरी स्वतःशी चलाखी नको.

स्नेहलचा प्रोग्रॅम तयार झाला. आमच्या बावीस गिऱ्हाइकांच्या ऑनलाइन जाहिराती मी एकेक खातं उघडून बघतो, त्यात दुपार होते. प्रोग्रॅम ते चार मिनिटांत करणार. अडचण एकच. जाहिरात कंपनीचं डेव्हलपर टोकन, म्हणजे प्रोग्रॅमला खात्यांत शिरू देणारी किल्ली, सध्या फक्त चाचणीच्या, म्हणजे खोट्या खात्यांवर चालतं. खऱ्या खात्यांसाठी अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते. अर्ज मीच भरणार. फर्म माझ्या नावावर आहे.

स्नेहलला हैदराबादला नोकरी मिळतेय. वीस तारखेपर्यंत कळवायचंय. टोकन आलं की ती कशाला जाईल? धाकटी बहीण आहे, मी तिला ओळखतो.

४ जून
अर्जात सात प्रश्न. स्नेहल म्हणाली, अर्ध्या तासाचं काम हाय, दादा. मी म्हटलं, घाईचं उत्तर खोटं निघतं. पहिल्या प्रश्नातच संध्याकाळ झाली. 'तुमचा व्यवसाय काय?' वाटतो तितका सोपा नाही.

६ जून
प्रश्न चौथा. टूल, म्हणजे हा प्रोग्रॅम, फक्त तुमचे कर्मचारी वापरणार की बाहेरची माणसंही?

स्नेहल म्हणाली, लिही, फक्त कर्मचारी. माझा हात थांबला. आमच्याकडे गिऱ्हाईक फोनवर समाधानी होत नाही. येतं, खुर्ची ओढून शेजारी बसतं, चहा पितं आणि माउस आपल्या हातात घेतं. मन्नाएखेळ्ळीचे ढाबेवाले भीमण्णा तर मला उठवून माझ्या खुर्चीत बसतात. मग ते वापरणारे नाहीत का? 'बाहेरचेही' वर खूण केली. शांत झोप लागली.

७ जून
झोप शांत नव्हती. दुरुस्ती करून ठेवतो.

'बाहेरचेही' म्हटलं की अटी वाढतात. टूलमध्ये ठरावीक सोयी असाव्याच लागतात. स्नेहलनं ती यादी वाचली. मग म्हणाली, कामून केलास असं? भीमण्णा माउस धरतेत म्हणून युजर झाले व्हय? मग समोरची म्हैसबी दारातून बघायलीय. तिचंबी नाव घाल.

दुपारी भीमण्णा आले. सरळ विचारलं, अण्णा, तुम्ही स्वतःला बाहेरचे समजता का? त्यांनी चहा खाली ठेवला. म्हणाले, धा वर्सं झाली येतूय, आता बाहेरचा झालो व्हय, सर? चहा अर्धा टाकून गेले.

वाईट वाटलं. पण त्यांचं उत्तर अर्जाला उपयोगी आहे.

९ जून, सोमवार, सकाळी ९
अर्ज गेला. 'फक्त कर्मचारी' वर खूण केली. ती खोटी ठरू नये म्हणून टेबलावर पाटी लावली: माउसला हात लावू नये. मराठी, कन्नड, उर्दू.

सोबत टूल कसं चालतं याचा कागद द्यायचा होता. स्नेहलनं दोन पानं लिहिली होती. मी सतरा केली. फर्मचा गोल शिक्का, ग्रामपंचायतीचा दाखला, निवृत्त मुख्याध्यापक माणिकराव गुरुजींनी दिलेलं माझ्या वर्तणुकीचं प्रमाणपत्र. सगळं साक्षांकित. इथं रहिवासी दाखल्यालासुद्धा तीन कागद लागतात. एवढी मोठी कंपनी दोन पानांवर विश्वास ठेवेल असं समजणं हा तिचा अपमान आहे.

स्नेहलनं डोकं धरलं. भारावली असावी.

१२ जून
कंपनीचा मेल. टूल कोण चालवणार हे कागदांवरून कळत नाही, दोन ओळींत कळवा.

दिवसभर दोन ओळी लिहिल्या. 'टूल माझी बहीण स्नेहल चालवील. ती फर्ममध्ये कायम आहे.' दुसऱ्या ओळीपाशी थोडा अडखळलो. पण मंजुरी आली की ती राहणार, आणि ती राहिली की वाक्य खरं होणार. म्हणजे खोटं नाही, फक्त थोडं लवकर आहे. पाठवलं.

१६ जून
उत्तर नाही. भीमण्णाही आले नाहीत. मेल दिवसातून दोनदाच बघायचा असा संकल्प केला. दुपारपर्यंत एकोणीस वेळा पाहिला. छातीत धडधड. चहा बंद करावा.

स्नेहलनं मोठ्या बॅगेची चेन दुरुस्त करून आणली. व्यवस्थित मुलगी आहे.

आई म्हणाली, प्रेमानंद, पोरीच्या मनात काय हाय, बस की जरा तिच्याजवळ. मी म्हटलं, आधी टोकन येऊ दे.

१९ जून, दुपारी ४.१०
मंजूर. खऱ्या खात्यांवर चालणार. जिलेबी आणायला निघतो.

१९ जून, संध्याकाळी
स्नेहलनं मेल दोनदा वाचला. खरोखर आनंदली. म्हणाली, बरं झालं, दादा. आता तुझं अडायचं न्हाई. मग जिलेबीचा तुकडा हातात तसाच धरून सांगितलं, हैदराबादला तिनं मागच्या आठवड्यातच होकार कळवलाय. उद्या सकाळची बस आहे.

मी म्हटलं, पण टोकन आलंय. ती म्हणाली, तुझं काम अर्ध्यात सोडू नये म्हणून थांबले होते.

मी म्हटलं, मग?

ती म्हणाली, मला तिथलं काम करायचंय. तुला काय करायचंय, असं तू मला एकदा तरी विचारलास व्हय?

मी म्हटलं, विचारलं असेल.

२० जून, शुक्रवार
आईनं भाकरी बांधून दिली. बस वेळेवर आली.

प्रोग्रॅम कसा चालवायचा ते स्नेहलनं दहा पायऱ्यांत लिहून ठेवलंय. तिसरीवर अडकलो. तिला फोन केला नाही. बावीसही खाती हातानं बघितली.

दुपारी तिच्या म्हणण्याची शहानिशा करायला बसलो. उगाच नाही म्हणणंही बरोबर नाही. ही रोजनिशी पहिल्यापासून वाचली. कंपनीला काय काय कळवलं ते सगळं आहे. भीमण्णांना विचारल्याची नोंद आहे. स्नेहलला काही विचारल्याची नोंद एकच सापडते, कालची, 'मग?'

ती धरावी की नाही, ठरत नाही.