गाळलेले नऊ प्रश्न

अंबरपेठ, हैदराबाद
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

प्रिय रेणुका,

सप्रेम जयभीम.

इकडे सगळे बरे आहोत असं लिहायची सवय, म्हणून हात आधी तिकडेच वळला. खोडून पुन्हा सुरुवात करते. आईचे गुडघे धरलेत, जिना उतरत नाही. पुलाच्या कामाची धूळ खिडक्या लावल्या तरी घरात येते. माझी तब्येत ठीक आहे.

तू माझा नंबर बंद केलास, ते योग्यच केलंस. म्हणून पत्र लिहिते आहे. तुझा उदगीरचा पत्ता तुझ्या वकील चारुलताबाईंच्या कागदावर होता. तो कागद माझ्या हातात कसा आला, ते पुढं सांगते.

तुझी अश्विनी आता दुसरीत असेल. तिकडं आहे म्हणजे मराठी नीट वाचत असेल. आमच्या गल्लीतली आपली पोरं तेलुगू-इंग्रजीत शिकतात, मराठी पाटी वाचायची तर अडखळतात. पण हे पत्र तिच्या हाती लागू देऊ नकोस. मोठी झाली की तू ठरव.

आधी त्या दिवसाचं बोलते. धम्मानंद गेल्यावर त्याच्या पुण्यानुमोदनाला विहारात सगळे जमले होते. पलटणीतून आलेला जवान दबक्या आवाजात म्हणाला की चौकशीत "घरगुती कलह" हे कारण निघालंय, शेवटच्या संध्याकाळी बायकोचे सतरा फोन आले होते. आई तिथंच उठली आणि चारचौघांत तुला म्हणाली, "तूच खाल्लंस माझ्या लेकराला." तू रडली नाहीस. माझ्याकडं बघून म्हणालीस, "ताई, तुम्ही शिकल्या-सवरलेल्या आहात. मानसशास्त्राच्या प्रोफेसर आहात. तुम्ही तरी यांना सांगा."

मी खिरीचं पातेलं उचललं आणि आत निघून गेले.

त्याला आता सतरा महिने झाले. मी आत का गेले, एवढंच सांगायला हे पत्र आहे. पण ते एकदम सांगता येत नाही. माझ्या कामापासून सुरू करावं लागेल, थोडं सहन कर.

तुला ठाऊक आहे, बाबा आरटीसीच्या डेपोत होते. माझी पीएच.डी. बस ड्रायव्हरांवर होती. लोक म्हणायचे, ड्रायव्हर मुळातच तापट असतात, पितात, घरात भांडतात. मी दोन वर्षं डेपोत बसून त्यांचे ड्यूटी चार्ट काढले. ज्याला सलग दोन पाळ्या लागतात तो आजारी पडतो, मग त्याचा स्वभाव कसाही असो. एवढंच सिद्ध केलं. बाबांनी तो प्रबंध कपाटात वहीच्या कव्हरात घालून ठेवला होता.

पुढं विद्यापीठात लागले. २०१६ साली आमच्या विभागात अकरा विद्यार्थी उरले होते. शिक्षणशास्त्रात विलीन करून टाकू, असं वरून पत्र आलं. तेव्हाच लष्कराशी जोडलेल्या एका संशोधन केंद्रानं काम देऊ केलं. जवानांचं मनोबल मोजायची मापनी, म्हणजे प्रश्नावली, हवी होती, हजारो जवानांना देता येईल अशी. विभागप्रमुख शिवराज सरांनी ते काम माझ्याकडं दिलं. माझ्या नेमणुकीच्या वेळी राखीव जागेवरून जे कुजबुजत होते, त्यांना तोंडावर उत्तर देणारे हेच सर. त्यांना नाही म्हणणं मला कधी जमलं नाही.

मी छावण्यांमधून दोनशे जवानांशी बोलले आणि बावन्न प्रश्न तयार केले. त्यातले नऊ प्रश्न मी ड्रायव्हरांकडून शिकले होते. गेल्या वर्षात मागितलेली रजा कितीदा नाकारली? सलग सहा तास झोप शेवटची कधी मिळाली? वरिष्ठ चारचौघांत कोणत्या भाषेत बोलतात? असे.

केंद्रातल्या कर्नलसाहेबांनी चहा पाजला, प्रश्नावली वाचली आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, "मॅडम, आम्ही तुम्हाला जवान मोजायला सांगितलंय. फौज मोजायला नाही."

आठ दिवसांत लेखी पत्र आलं. हे नऊ प्रश्न वगळावेत.

शिवराज सर म्हणाले, "दीक्षा, आधी विभाग तर राहू दे. पुढच्या आवृत्तीत प्रश्न परत घालू."

मी नऊ प्रश्न काढले. उरले त्रेचाळीस. संकटात मी शांत राहतो. मला माझ्या भावनांवर ताबा ठेवता येतो. मी आशावादी आहे. सगळे माणसाच्या आतले. बाहेर काय चाललंय ते विचारायचंच नाही.

आणि विभाग जगला. नुसता जगला नाही, फुगला. नवी इमारत, नवा अभ्यासक्रम, चाळीस फेलोशिप. मला बढती मिळाली, शाल मिळाली. पुढची आवृत्ती आली तेव्हा त्या नऊ प्रश्नांचं कुणी नावही काढलं नाही, मीसुद्धा नाही. मग असं झालं की आमच्याकडं येणारी पोरंच तसे प्रश्न विचारेनाशी झाली. आशा, कृतज्ञता, ध्यान यांवर प्रबंध निघू लागले. राणी नावाची एक मुलगी होती, तिला रजेवर काम करायचं होतं. मीच तिला सांगितलं, "परवानगी मिळायची नाही, विषय बदल." तिनं बदलला. मला तिला जबरदस्ती करावी लागली नाही, रेणुका. आमच्याकडं कुणालाच कधी करावी लागली नाही.

आता धम्मानंदचं.

ऑगस्ट २०२३. तुझं बाळ सातव्या महिन्यात गेलं त्याला तीन आठवडे झाले होते. तो तीनदा रजा मागून बसला होता, हे तुला माहीत आहे. त्यानंतर त्यानं मला फोन केला, ते तुला माहीत नाही.

दुपार होती. मी विभागात पेपर तपासत होते. तो म्हणाला, "ताई, तुझा फॉर्म आलाय आमच्याकडं! खाली बारीक अक्षरांत तुझं नाव आहे. मी सगळ्यांना दाखवलं. हौ, माझी बहीण आहे, म्हटलं."

मी हसले. तोही हसला. मग म्हणाला, "ताई, खरं लिहू का?"

"म्हणजे?"

"झोप येत नाही. बाळाचं तोंड पण बघितलं नाही मी. रेणुका फोनवर नुसती गप्प राहते. कधी कधी ड्यूटीवर उभा असतो अन् कुठं आहे तेच कळत नाही. यात झोपेचं कुठं विचारलंच नाही. रजेचं पण नाही. मी दोनदा शोधलं."

मी त्याला सांगितलं नाही की होतं, मी काढलं.

तो म्हणाला, "साहेब म्हणाले, यात कमी आलास तर डॉक्टरकडं पाठवतो, ते ठरवतील घरी सोडायचं का. ठीक आलास तर रजेचं पुढं बघू. म्हणून विचारतो, काय करू?"

रेणुका, दार उघडं होतं. माझ्या भावानं मला विचारलं होतं की मी या दारातून बाहेर पडू का.

मी म्हणाले, "कमी येऊ देऊ नकोस. ते फाइलला लागतं. हवालदारकी अडकेल. पोरं चिडवतील." आणि मग मी त्याला शिकवलं. पहिल्या रकान्यात कुठंच खूण नको. शेवटच्यात सगळीकडं नको, खोटं वाटतं. चौथ्यावर कर, मधून मधून पाचव्यावर. सतरावा आणि तिसावा प्रश्न खोटं पकडायला ठेवलेत, तिथं तिसरा रकाना. त्यानं लिहून घेतलं. चार मिनिटांचा फोन.

तो म्हणाला, "ठीक आहे, ताई. तू म्हणतेस तर."

दोनशे पंधरापैकी एकशे एक्क्याऐंशी. शेरा, मनोबल उत्तम, रजेची तातडी नाही. एकोणीस सप्टेंबरला त्यानं स्वतःचा जीव घेतला.

हवालदारकीचं कारण वर लिहिलं ते खोटं नाही. पण खरं त्याच्या खाली आहे, आणि ते मी आजवर स्वतःशीही बोलले नव्हते. मला लाज वाटली. दीक्षा मॅडमच्या मापनीत दीक्षा मॅडमचाच भाऊ नापास. केंद्रात लोक काय म्हणतील, हे माझ्या मनात आलं. त्या चार मिनिटांत आलं, आणि त्यावरच मी बोलले.

म्हणून मी पातेलं उचलून आत गेले. तुझ्या बाजूनं एक शब्द बोलले असते तर पुढचा शब्द हा बोलावा लागला असता. तुझ्यावर आळ राहिला तर माझ्यावर कुणाची नजर येणार नव्हती. सतरा महिने मी त्या आळाच्या आडोशाला बसले. त्या दिवशी सकाळी त्याचा आवाज तुला वेगळा वाटला, म्हणून तू दिवसभर कासावीस होऊन संध्याकाळी सतरा फोन केलेस. तुला कळलं होतं. एवढ्या मोठ्या पलटणीत आणि माझ्या एवढ्या मोठ्या विभागात कुणाला कळलं नाही. आणि त्या फोनांनाच त्यांनी कलह म्हटलं.

जानेवारीत शिवराज सरांनी मला खोलीत बोलावलं. मापनीची प्रत मागणारा एका वकिलांचा अर्ज आला होता. "गोपनीय आहे, देता येत नाही, असं नियमात बसवून उत्तर लिही. तुझ्याइतकं नीट कुणी लिहिणार नाही." मी कागद उघडला. अर्जदार, श्रीमती रेणुका धम्मानंद हणमंते; चौकशीतल्या "घरगुती कलह" या निष्कर्षाविरुद्धचा दावा. सरांनी नाव वाचलंच नव्हतं.

मी म्हणाले, "सर, ही माझी भावजय आहे."

त्यांनी कागद स्वतःकडं ओढून नाव वाचलं. मग म्हणाले, "मग मी दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतो. तू मध्ये पडू नकोस. दीक्षा, चाळीस पोरांची शिक्षणं आहेत यावर."

"सर, ते नऊ प्रश्न..."

"कुठले नऊ प्रश्न?"

मला वाटलं, ते मुद्दाम म्हणताहेत. तोंडाकडं बघितलं. त्यांना खरोखर आठवत नव्हतं.

तीन फेब्रुवारीला मी चारुलताबाईंच्या कचेरीत शपथपत्र दिलं. सोबत बावन्न प्रश्नांचा मूळ मसुदा, नऊ प्रश्न काढायला सांगणारं केंद्राचं पत्र आणि त्या फोनची हकिगत. अर्धा भाग लपवून अर्धा द्यायचा नाही असं ठरवलं होतं, तरी तो परिच्छेद लिहायला मला दोन दिवस लागले. बाईंनी वाचून डोळे मिटले. म्हणाल्या, "सरकारी वकील म्हणेल, जवानानं स्वतःच खोटी माहिती दिली." म्हणू दे. त्यानं खुणा केल्या, खोटं माझं होतं, हे मी उभी राहून सांगेन.

दहा तारखेला मला निलंबनाचं पत्र मिळालं. चौकशी बसली आहे. नोटीसही येईल म्हणतात. गोपनीयतेच्या करारावर माझी सही आहे, तेव्हा त्यांचं चूक आहे असंही नाही. परवा राणी घरी आली होती. ती आता आमच्याच विभागात शिकवते. बसली नाही, दारातूनच म्हणाली, "मॅडम, मापनीवरनं तुमचं नाव काढलं. माझं घातलंय. नाही म्हणता आलं नाही." मी विचारलं, प्रश्न किती? ती म्हणाली, "त्रेचाळीस."

म्हणजे मी बोलल्यानं काही थांबलेलं नाही. पुढच्या महिन्यात तो फॉर्म आणखी एका पलटणीत जाणार आहे. तू कुठल्या आशेवर राहू नयेस, म्हणून हे लिहिलं.

आईला मी गेल्या रविवारी सांगितलं. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग मी त्या पोरीला काय बोलले गं?" त्यानंतर माझ्याशी बोलत नाही. माझ्या हातचं जेवते, पण ताट मी ठेवून बाजूला झाले की मगच बसते. आज पत्र लिहिताना बघून फक्त एवढंच म्हणाली, "बोललेलं परत घेता येत नाही, असं लिही." लिहिलं आहे. शब्द तिचेच आहेत, मी त्यात काही घातलं नाही.

सुनावणी चोवीस मार्चला आहे. मी येणार. तुझ्याजवळ येऊन बसणार नाही, तुझ्याशी बोलायला बघणार नाही. अश्विनी सोबत असेल तर मी बाहेरच थांबेन, नाव पुकारलं की आत येईन. तू माझ्याकडं बघायलाच हवं असंही नाही.

साक्षीच्या वेळी पहिला प्रश्न असेल, अर्जदाराशी तुमचं नातं काय? त्याचं उत्तर द्यायचा अधिकार आता माझा राहिलेला नाही. तो तुझा. तू सांगेपर्यंत चारुलताबाईंनी शपथपत्रावर जे लिहून घेतलं, तेवढंच खाली लिहिते.

मयत धम्मानंद भिवाजी हणमंते यांची बहीण,
साक्षीदार क्रमांक तीन,
दीक्षा