साकू म्हणजे पुरे

देवास, माघ वद्य चतुर्थी, शके १८३२

बाबा, तुम्ही गेल्याला एकवीस वर्षे झाली आणि इतक्या काळात मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, याबद्दल क्षमा करा. आज लिहितो आहे तेही आठवण दाटून आली म्हणून नव्हे, अडचणीत सापडलो म्हणून. शाळेतल्या आम्हा मास्तरांना शिरगणतीच्या कामाला लावले आहे. माझ्याकडे सोनकच्छच्या वाटेवरची गावे आली. तिथे नदीकाठी मेंढपाळांची सहा-सात पाले आहेत. मोठ्या दुष्काळात विजापुराकडून मेंढरे हाकत वर आले ते इथेच राहिले. आपसांत कानडी बोलतात, घोंगड्या विणतात. लेंडीखतासाठी त्यांची मेंढरे शेतात बसवून घ्यायला गाव तयार असते, पण त्यांच्या हातचे पाणी कोणी घेत नाही.

परवा तिथल्या एका म्हातारीने माझ्यासाठी घोंगडी अंथरली आणि वाडग्यात दूध ओतू लागली. बरोबरचा पटवारी तोंड फिरवून उभा. वाडगा भरत आला तसा माझ्या तोंडून शब्द निघाला, "साकू." म्हातारी थांबली. मग हसून तिने सुनेला हाक मारली आणि माझ्याकडे बोट केले. "कुणाचा रे तू? हे शाळेत शिकवतात व्हय?" साकू म्हणजे पुरे. मला ते ठाऊक होते. कसे ठाऊक होते, ते ठाऊक नव्हते. दूध मी प्यालो.

परतताना धारची पंगत आठवली. मी सात वर्षांचा आहे. वाढपी भात वाढतो आहे, मी साकू, साकू म्हणतो आहे, पंगत हसते आहे. तुम्ही मला दंडाला धरून उठवता, बाहेर नेता. "पुरे म्हणायचं. पुरे! पुन्हा तो शब्द काढलास तर बघ." मी जेवलो नाही, आणि तुम्हीही जेवला नाहीत. त्यानंतर आईने घरात तो शब्द कधी उच्चारला नाही. तिचे माहेर कुठले असे विचारले की 'दक्षिणेत' एवढेच उत्तर मिळे. आपण मराठे, पागेबरोबर इकडे आलो, हे मात्र तुम्ही न विचारता सांगत असा. शिकलेला माणूस म्हणून मी स्वतःला बजावतो की एका शब्दावरून कूळ ठरत नाही. तो शेजारणीकडून आला असेल, छावणीतल्या शिपायांकडून आला असेल. पण शेजारणीचा असता तर तुम्ही असे वागला असतात का? त्या दिवशी तुम्ही रागावला होता असे मी चाळीस वर्षे समजत होतो. आता तुमचा चेहरा आठवतो तर तो रागाचा वाटत नाही. पण तेही मी आज माझ्या सोयीने आठवत असेन.

आणि इकडे जातीचा रकाना रिकामा आहे. माझ्याकडच्या जातींच्या यादीत या मेंढपाळांचे नाव नाही. पटवारी म्हणतो, "भटक्या लिखी दो नी, माट्साब. चौकी पे हाजरी देगा, अपणो कंई जाय?" भटके म्हणजे सरकारदरबारी चोरच; तसे लिहिले की रोज पोलीस चौकीवर हजेरी, परवान्यावाचून मेंढरू हलायचे नाही. धनगर लिहिले तर ते सारे टळते. म्हातारीला मी विचारले, धनगर लिहू? ती म्हणाली, "नक्को. धनगर वेगळे. आम्ही कुरुबा. हालुमताचे, दुधातनं झालेले. तुझ्या कागदात मावत नाय व्हय आम्ही?" सून तोंडाला पदर लावून हसली. मी तरीही धनगर लिहावे का? तुम्ही आमच्यासाठी जे केलेत असे मला वाटते, तेच मी त्यांच्यासाठी करीन, तेही त्यांच्या मर्जीविरुद्ध. ते मायेने केलेत की लाजेने, हे तुम्हीच सांगू शकला असता.

हे पत्र टाकायला पेटी नाही. असती तर इतके लिहिलेही नसते. एक कबूल करतो. हजेरीची गोष्ट मी म्हातारीला सांगितलीच नाही. सांगितली असती तर तिने कदाचित मुकाट्याने धनगर म्हटले असते, आणि मला ते तिच्या तोंडून ऐकायचे नव्हते.

उद्या: पालावर जाऊन तिला हजेरीचे सगळे सांगणे.