उपासवाल्या बाद

४ मे, सोमवार

चौतीस घरं झाली. टाचा फुटल्यात. उद्या चाळिशीपुढच्या सगळ्यांची मोफत तपासणी – शुगर, बीपी, वजन – आणि माणसं गोळा करायची ती आम्ही आशा सेविकांनी. सगळ्यांना एकच वाक्य: सकाळी उपाशीपोटी या. बोलून बोलून घसा बसला. अनंतराव, बँकेतून रिटायर झालेले, दारातच म्हणाले, "फुकट आहे म्हणजे नंतर काहीतरी गळ्यात मारणार तुम्ही." वर विचारलं, तपासणीआधी चहा घेतला तर चालेल का. नाही म्हटलं तर दार लावून घेतलं!

आत्याबाईंनाही, म्हणजे माझ्या सासूबाईंनाही, नेणार. त्यांच्या पायाच्या अंगठ्याला जखम होऊन तीन आठवडे झाले, भरतच नाही. "चप्पल चावली" म्हणतात आणि हळद दाबतात. मुकुंदवाडीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांना मी तपासायला नेलं, घरातली राहिली. लाज वाटते. पण वेळ कुठून आणू?

५ मे, मंगळवार

अंगारकी होती! तारीख ठरवणाऱ्यांनी कॅलेंडर बघितलं नाही, मीही नाही. पहाटे पाचला घरच्यांसाठी साबुदाणा करून ठेवला, तेव्हा तरी डोक्यात प्रकाश पडायचा होता.

मनकर्णाबाई पदराला तोंड पुसतच आल्या. काही खाल्लं का, विचारलं. "नाय, उपास हाय की. निस्ता बशीभर साबुदाना खाल्ला." अशा दोघीतिघी लागोपाठ आल्या, शुगर चढलेली. मी 'उपाशी' म्हणाले, त्यांनी 'उपास' ऐकलं. आमच्या डॉक्टर वैदेही मॅडमनी कपाळाला हात लावला. "सुरेखाताई, उपासवाल्या बाद करा. पुढच्या मंगळवारी परत बोलवा."

मग बोट टोचून आकडा आला की मी प्रत्येकीला एवढंच विचारत गेले – उपास आहे का? हो म्हटलं की नावावर रेघ. अकराजणी झाल्या. आत्याबाई सातव्या. तीनशे अठरा, सगळ्यांत जास्त. "साबुदाण्यानं वाढते आत्याबाई, पुढच्या वेळी बघू," म्हटलं. त्यांनी चप्पल पायात सरकवली. उन्हात एकट्याच घरी गेल्या.

८ मे

नवव्या दिवशी नळ आला. पाणी भरण्यातच दिवस गेला.

१२ मे, मंगळवार

दहाजणी आल्या, या खेपेला खरंच उपाशी. दहाही जणी ठीक. मनकर्णाबाई अठ्ठ्याण्णव! मलाच बरं वाटलं.

आत्याबाई घरातून हलल्या नाहीत. "साबुदान्यानं वाढती, तूच म्हनली ना? मंग कशाला टोचून घिऊ?" माझंच वाक्य माझ्या तोंडावर. दमले होते, वाद घातला नाही. अंगठा बघायचाही राहिला.

१७ मे

लंगडतात. विचारलं तर म्हणतात, वय झालं. पाय पदराखाली ओढून घेतात.

उद्या परत सर्व्हे.

२० मे, बुधवार

मोरीत पाय धुवायला बसल्या होत्या, म्हणून दिसलं. अंगठा काळा पडलाय. वास येतोय.

माझा तोल गेला. ओरडले त्यांच्यावर – त्या दिवशी साबुदाणा खायचं काय अडलं होतं, तेव्हाच कळलं असतं ना!

"कसला साबुदाना? समदा विश्वजीतनं डब्यात नेला."

नवऱ्यानं नेला. म्हणून त्या दिवशी घरी आले तेव्हा पातेलं रिकामं होतं, आणि मला वाटलं यांनीच खाल्ला.

"मग तुम्ही काय खाल्लं?"

"काय बी नाय. अंगारकीला चंद्र दिसंस्तोवर म्या पानी बी घेत नाय. दोन वर्सं झाली. तुला कसं ठाव असंल? तू घरी असती कवा?"

तिथंच मोरीच्या कट्ट्यावर बसले. अकराजणींत एकट्या त्याच खऱ्या उपाशी होत्या. तो एकच आकडा खरा होता आणि मी तो खोडला. उपास आहे का विचारलं. खाल्लं का, ते विचारलंच नाही. माझ्याच घरच्या माणसाला! पंधरा दिवस गेले.

लगेच रिक्षा केली.

२१ मे

मोठ्या दवाखान्यात भरती केलंय. उद्या अंगठा काढणार. पायाचं नंतर सांगू म्हणतात. विश्वजीत बाहेर बाकड्यावर बसलाय, माझ्याशी बोलत नाही. बोलू नये. मला बसल्याबसल्या झोप येते, आणि झोप येते याचाच राग येतो.

२३ मे, शनिवार

अंगठा गेला, पाय राहिला. वैदेही मॅडम आल्या होत्या. वरून विचारणा झालीय – तीनशे अठरावाल्या बाईचं नाव कुणी आणि का खोडलं. मी खरं सांगणार होते. कामावरून काढलं तरी चालेल, असं रिक्षातच ठरवलं होतं. मॅडमनी आधी आत्याबाईंना विचारलं, "आजी, त्या दिवशी खाऊन आला होतात का?"

"व्हय. बशी भरून साबुदाना खाल्ला. सुरेखानं नगं म्हनलं व्हतं, म्याच आयकलं नाय."

मॅडमनी लिहून घेतलं. मी गप्प बसले.