आम्ही सगळे 'इंगिह' म्हणालो

३ जून
टाकी जाणार! सोसायटीची, दूध गार ठेवायची. जिल्ह्याचे साहेब परवा सभा घेताहेत. सोसायटी मोडायची आणि गावाचं दूध हेंदार्तो नावाच्या व्यापाऱ्याला द्यायचं, असं घाटतंय. सोसायटीच्या भिंतीवर अजून लिहिलेलं आहे — सहकार हा देशाच्या अर्थव्यवस्थेचा मुख्य खांब. आमचे हे म्हणाले, "देशाचं राहू दे, आपल्या गोठ्याचा खांब बघ आधी." मी हसले खरी, पण टाकीशिवाय दूध दुपारपर्यंत नासतं. मग व्यापारी देईल तो भाव, आणि आज ना उद्या गाय खाटकाकडे.

४ जून
डोंगरावर गवत कापताना बायांचं ठरलं. सभेत सगळ्यांनी नाही म्हणायचं. शेजारची तुगियेम म्हणाली, "पण पहिलं कोण बोलणार?" सगळ्या परत गवत कापायला लागल्या.

५ जून
सभा झाली. तोंड दाखवायला जागा नाही.

साहेब वयानं मोठे, बोलायला गोड. शेजारी आमच्या सोसायटीचे म्हातारे अध्यक्ष पाक विर्यो, मान खाली घालून. साहेब म्हणाले, "लहान सोसायट्या आता देशाला ओझं होतात. तुमची हरकत नाही ना?" आणि अख्खी सभा एका सुरात — इंगिह.

वडीलधारं माणूस बोललं की आमच्या तोंडून तेच निघतं. हो, ऐकलं, एवढाच त्याचा अर्थ. मनात नकार असला तरी म्हणायचंच. साहेबांनी तो होकार धरला. आमच्यातलेच जावाचे ते, त्यांना कळत नव्हतं? चांगलं कळत होतं मेल्यांना.

मीही म्हणाले.

६ जून
हे जेवले नाहीत. "तू का नाही बोललीस?" "तुम्ही का नाही बोललात?"

१९ जून
टाकी नेली. पाक विर्यो फाटकाशी उभे राहून रडले. बघवत नव्हतं.

२ जुलै
हेंदार्तोनं पुन्हा भाव पाडला. त्याच्या गाडीपुढच्या रांगेत नेमकी मीच पुढे. "आजपासून एवढाच. चालेल ना, बु सार्तीनाह?" मागं सगळं गाव. ओठांवर इंगिह आलं होतं, खोटं कशाला सांगू. आणि निघालं — "ओरा!" नाही! तेही पोरांना दटावतो तसलं, उद्धट. तो बघतच राहिला. कॅन उचलला नि घरी आले.

मागून कुणी आलं नाही. थोडं दूध वासराला पाजलं, बाकीचं नासलं. हे म्हणाले, "आता गाय विकून टाकू." रडू आवरेना.

३ जुलै
उजाडताच दार उघडलं. अंगणभर भरलेले कॅन, बाया, मागं पाक विर्योसुद्धा. हेंदार्तोकडे आज कुणीच गेलं नाही. टाकी नाही, आपली गाडी नाही, थोड्या वेळात ऊन चढेल. तुगियेम विचारते, "आता काय करायचं, सांग." मला कुठं ठाऊक!